टक् वाजणारा रिले

आमच्या शेजारच्या गोगटेबाई रोज सकाळी सात वाजता स्वतःच्याच घराची बेल वाजवतात.

बाहेर येतात, दार ओढून घेतात, पायरीवर नीट उभ्या राहून बटण दाबतात. आत बेल वाजली की मान हलवतात आणि किल्लीनं दार उघडून परत आत जातात. घरात दुसरं माणूस नाही. नवीन पेपरवाला आला की पहिले आठ दिवस तो आमच्या फाटकाशी येऊन हळूच विचारतो, ह्या अम्मांना स्वतःचं घर ओळखू येत नाही का? मी सांगतो, घर ओळखू येतं रे, बेलवर विश्वास नाही.

बेलवर नाही, दुधाच्या पिशवीवर नाही, नारळावर नाही. पिशवी काट्यावर ठेवतात, वजन बरोबर भरलं की "बरोबर आहे" असं दूधवाल्याला सांगतात. तो बिचारा कमी भरलं असतं तर गप्प राहिला असता, बरोबर भरलं म्हटल्यावर त्याला राग येतो. एकदा इथं बंगळूरच्या जयनगर बाजारात छत्री घ्यायला गेल्या. मी बरोबर होतो. दुकानदाराला म्हणाल्या, तांब्याभर पाणी आणा. तो म्हणाला, "अम्मा, छत्रीच आहे ही." बाई म्हणाल्या, "तेच बघायचंय." आणि खरंच फुटपाथवर मला छत्री धरून उभं केलं आणि वरून पाणी ओतलं. गळली नाही. माझी विजार भिजली ती वेगळी.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. कुणी काहीही म्हणालं की, "म्हणताय ठीक आहे, दिसतंय कुठं?" पाऊस येईल म्हणा, भाजी ताजी आहे म्हणा, दिसतंय कुठं? आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ गेले तेव्हा त्यांची सून म्हणाली, मामंजी अगदी शांतपणे गेले. बाईंचं तोंड उघडलं. मी बाजूलाच होतो, मी पटकन खोकलो. बाईंनी तोंड मिटलं.

ह्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. बाई मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याबरोबर पंचेचाळीस वर्षांपूर्वी बंगळूरला आल्या. दोघंही एका सरकारी कारखान्यात. नवरा नकाशे काढायचा आणि बाई तपासणी विभागात. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावरून जायचा. बाईंनी शिक्का मारला तर पुढे, नाही तर परत भट्टीत. तीस वर्षं हेच केलं. मग नवरा गेला, नोकरी संपली, आणि तपासायला घर तेवढं उरलं.

आता मी कोण, ते सांगतो. मी खंडोजी राव. राव हे आमचं आडनाव नाही, इथं तो नावामागं लागतोच. आमचे पूर्वज ह्या मुलखात कधी आले ते आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तीही कन्नड शाळा. मराठी घरात बोललो, लिहायला वडिलांनी शिकवलं. पण गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जायचं नाही. पीण्याला, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, पन्नास वर्षं गॅरेजात काढली. गाडी फाटकाशी आली की नुसत्या आवाजावरून सांगायचो, काय बिघडलंय. लोक म्हणायचे, खंडूअण्णाचा कान म्हणजे मशीन आहे. मलाही तसंच वाटायचं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

बाईंकडे एक छोटी गाडी होती, सोळा वर्षांची, ताकाच्या रंगाची. ती त्या स्वतः चालवायच्या. हवा, तेल, पाणी, ब्रेक, सगळं दर बुधवारी तपासायच्या, पेट्रोल भरून आणायच्या, आणि गुरुवारी सकाळी पीण्याला जायच्या. तिथं लक्ष्मम्मा राहते. लक्ष्मम्मा हे तिचं खरं नाव नाही, का नाही ते पुढे कळेल. ती बाईंच्याच टेबलावर समोरासमोर बसायची, तीस वर्षं. आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत. रिक्षात चढता येत नाही, मेट्रोचं तर नावच नको. बाईंच्या गाडीची पुढची सीट तेवढी तिला बरोबर उंचीची. म्हणून दर गुरुवारी बाई तिला घेऊन यायच्या, दोघी जेवायच्या, दुपारभर कारखान्यातल्या लोकांवर बोलायच्या, आणि संध्याकाळी बाई तिला परत सोडायच्या. लक्ष्मम्मा आठवड्यात घराबाहेर पडायची ती तेवढीच.

बाईंचा मुलगा मिलिंद शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहतो. कॉम्प्युटरचं काम करतो. मुलगा वाईट नाही. पण आई बहात्तरची, गाडी सोळाची, आणि बंगळूरचं ट्रॅफिक, ह्या तिन्हीची त्याला धास्ती. गाडी एकदा रस्त्यात बंद पडली तेव्हाच तो विकायची म्हणत होता. आईनं खूप समजावलं तेव्हा एवढं कबूल केलं की पुन्हा एकदा बंद पडली तर विकायची, मग बोलायचं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी गाडी कोपऱ्यावर पुन्हा गचकली. दहा मिनिटं थांबून चालू झाली. मिलिंदला कळलं नाही. बाईंनी मला बोलावलं.

मी गेलो तेव्हा व्हरांड्यातल्या टेबलावर पेपर पसरला होता. त्यावर एक जुनी बॅटरी, वायरीचे चार तुकडे, गाडीचा एक बल्ब, आणि मधोमध पंपाचा रिले. बाईंनी स्वतःच फ्यूजच्या पेटीतून काढला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिले म्हणजे काड्यापेटीहून लहान काळी डबी. तिला चार पाय. दोन पायांना थोडी वीज दिली की आतली पट्टी ओढली जाते, टक् असा आवाज होतो, आणि दुसऱ्या दोन पायांतून पंपाची वीज जाते. ती गेली तर टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलतो. नाही गेली तर गाडी जागच्या जागी.

मी डबी उचलली, दोन पायांना वायर लावली. टक्. मी म्हणालो, "झालं. रिले चांगला आहे. कचरा असेल फिल्टरमध्ये."

बाई म्हणाल्या, "अण्णा, हा पट्टी हलल्याचा आवाज झाला. वीज पलीकडे गेली की नाही, ते बल्ब लावला तर दिसेल."

त्यांच्या हातात बल्बची वायर होती. फक्त टेकवायची होती. एवढंच काम.

समोरच्या घरातले दोघं कठड्याला टेकून बघत होते. मला वाटलं, पन्नास वर्षं ज्या कानावर लोकांनी गाड्या सोपवल्या, तो कान आता ह्या बाई बल्ब लावून तपासणार. मी त्यांच्या हातातली वायर काढून घेतली. म्हणालो, "बाई, तुम्ही फॅक्टरीत शिक्के मारलेत. मी गाड्या चालू केल्यात."

हे लिहितानासुद्धा मान खाली जाते. आणि अजून एक गोष्ट आहे, ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. तो टक् मी ऐकलाच नव्हता. बोटाला जाणवला होता. दोन वर्षांपासून मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

बाईंनी वायरी गुंडाळल्या. त्यांची एक वही असते, काय तपासलं ते लिहायची. त्यात त्यांनी मला समोर बसवून लिहिलं, 'रिले. खंडोजीअण्णांनी तपासला. ठीक.' माझी छाती फुगली. त्या वहीत दुसऱ्याच्या शब्दावर पास झालेली तेवढी एकच वस्तू असेल. मी फिल्टर साफ केला, बॅटरीची टोकं घासली, गाडी चालू करून दाखवली. वर कॉफी पिऊन आलो.

गुरुवारी दुपारी चार वाजता गाडी आली ती दुसऱ्या गाडीच्या मागे दोरानं बांधून.

पीण्याच्या उड्डाणपुलावर, भर ऊन, पुढे-मागे लॉऱ्या, तिथं बंद पडली होती. दोघी बायका अडीच तास आत. लक्ष्मम्माला उतरता येत नाही आणि तिला साखरेचा आजार. पोलिसांनी ढकलून कडेला घेतली, मग कुणीतरी दोर लावला. आधी त्याच गाडीतून लक्ष्मम्माला तिच्या घरी परत सोडलं होतं. मिलिंद ऑफिसमधून तसाच निघून आला होता. मी फाटकाशी उभा होतो. समोरचे दोघंही कठड्याशी होते, परवा गाडी मी उघडली होती ते त्यांनी त्याला सांगितलं.

मिलिंदनं मला पाहिलं. रागानं नाही, साधंच विचारलं, "काका, परवा तुम्हीच बघितली होती ना गाडी?"

मी तोंड उघडलं. हात पाठीमागे नेले.

बाई म्हणाल्या, "अण्णांचं काही नाही. पेट्रोल संपलं. भरायला विसरले मी."

मी त्यांच्याकडे बघितलं. बुधवारी संध्याकाळी ह्याच बाई पेट्रोल भरून आल्या होत्या, मी फाटक उघडून दिलं होतं. तेव्हा काचेतून काटा दिसला होता, अर्ध्याच्या वर. नवीन दोरीसुद्धा ओढून बघितल्याशिवाय न घेणारी बाई भर रस्त्यात, सगळ्यांसमोर खोटं बोलत होती. आणि माझं उघडलेलं तोंड उघडंच राहिलं.

मिलिंद मग अगदी हळू म्हणाला, "आई, मी विकायची म्हटलं होतं तरी, गाडी नुसती बिघडली असती तर दुरुस्त करून दिली असती. पण तू विसरायला लागलीस तर मी काय करू?"

त्यानं हात पुढे केला. बाईंनी किल्ली दिली.

मशीनचा दोष ठरला असता तर मशीन बदललं असतं. तो माझा होता, आणि बाईंनी तो स्वतःच्या डोक्यावर घेतला. डोकं बदलता येत नाही, म्हणून गाडी गेली. गेली म्हणजे गिऱ्हाईक मिळेपर्यंत अंगणातच उभी राहिली, पण किल्ली बेळ्ळंदूरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गाडीच्या पुढच्या डाव्या सीटचं कव्हर धुऊन वाळत घातलेलं दिसलं. अडीच तास, साखरेचा आजार, उतरता येत नाही. मला कुणी सांगायची गरज नव्हती. लक्ष्मम्माचं खरं नाव मी का लिहीत नाही, ते आता तुम्हाला कळलं असेल. माझं गॅरेज कारखान्याजवळच, मी तिला तेव्हापासून ओळखतो. कारखान्यात इस्त्रीची साडी नेसून यायची, तिच्यासमोर सुपरवायझर विडी विझवायचे.

मी घरात जाऊन बसलो. बायकोनं विचारलं काय झालं, तिच्यावर ओरडलो.

तिसऱ्या दिवशी बाई देवळात गेल्या असताना मी कंपाउंडवरून हात घालून फाटक उघडलं. बॉनेट उघडायला मला किल्ली लागत नाही. रिले काढून घरी आणला. स्कूटरची बॅटरी, वायर आणि बल्ब घेतला, जसं बाईंनी मांडलं होतं तसंच मांडलं. टक्, बोटाला कळलं. बल्ब लागला. पुन्हा, लागला. मला एकदम बरं वाटलं. मग डबी तासभर उन्हात ठेवली आणि परत लावली. बोटाला टक् कळतंय, बल्ब काळाच. दहा वेळा लावला, दहाही वेळा काळा. झाकण उचकटून बघितलं तर वीज जायची जागा फोडणीत करपलेल्या मोहरीसारखी झाली होती. पट्टी इमानदारीनं हलत होती आणि पलीकडे काही जात नव्हतं.

हे कळल्यावर मी लगेच जाऊन सांगितलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तीन आठवडे मी ती डबी खिशात घेऊन फिरलो.

तेवढ्यात एक नवीन गोष्ट सुरू झाली. मिलिंद पूर्वी रविवारी फोन करायचा. आता रोज सकाळी साडेसातला करायला लागला. बाई व्हरांड्यात खुर्ची घेऊन बसायच्या, फोन कानाला. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, तो रोज विचारतो, आज वार कोणता, काल काय जेवलीस, गॅस बंद केलास का. आठवण शाबूत आहे का ते बघतो.

 जिनं तीस वर्षं अख्खा कारखाना तपासला, तिची आता मुलगा रोज फोनवर तपासणी करतो. आणि कशामुळे, तर मी एक वायर टेकवू दिली नाही. गुरुवारी बाई घरातच असायच्या. लक्ष्मम्माकडे जायला त्या दोन बस बदलून जाऊन आल्या एकदा, पण लक्ष्मम्माला बाहेर काढता येत नाही ते नाहीच.

एका शनिवारी मी पिशवीत बॅटरी, वायर, बल्ब आणि रिले घातला आणि बेळ्ळंदूरची बस धरली. बायकोला म्हणालो, कामाला जातो. दोन तास लागले. खाली गेटवरच्या पोरांनी बॅटरी बघून मला अर्धा तास बसवून ठेवलं. शेवटी मिलिंद स्वतः खाली आला.

त्याच्या काचेच्या टेबलावर मी पेपर पसरला.  आधी स्वयंपाकघरातल्या तव्यावर डबी गरम करून घेतली, मिलिंदच्या बायकोनं नाक मुरडलं तरी. मग लावली. म्हणालो, "हात लाव. हलतंय ना? आता बल्ब बघ."

बल्ब लागला नाही.

मिलिंदनं दोन-तीन वेळा स्वतः लावून बघितलं. शेवटी आईचाच मुलगा. मग म्हणाला, "म्हणजे पेट्रोल संपलं नव्हतं."

"नव्हतं. टाकी अर्ध्याच्या वर होती. तुझ्या आईनं बल्ब लावायचा म्हटलं होतं. मी लावू दिला नाही. तू विचारलंस तेव्हा माझी इज्जत जाऊ नये म्हणून ती खोटं बोलली, आणि मी ऐकून घेतलं."

त्यानं बल्ब खाली ठेवला. म्हणाला, "काका, मी तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात." मग उठून कपाटातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

परत येताना बसमध्ये मला फार हलकं वाटलं. नवा रिले घेतला. बाईंच्या व्हरांड्यात बसून, कुणी न सांगता, आधी बल्ब लावला, मग गाडीत बसवला. किल्ली त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता त्या दोन शब्द सुनावतील, माझी मान मोकळी होईल. त्यांनी किल्ली उचलली, बल्बकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला मिलिंदला सांगायला कुणी सांगितलं होतं?"

मी मनात म्हटलं, सरी, ठीक आहे, मोठेपणानं बोलतायत.

गुरुवार परत सुरू झाले. लक्ष्मम्मा पहिल्यांदा आली तेव्हा मी फाटकाशी जाऊन कन्नडात तिची माफी मागितली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या गुरुवारी बघितलं. ते माझं मला मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण परवाची गोष्ट. सकाळी मी झाडांना पाणी घालत होतो. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर फोन. आठ वाजत आले होते. मी म्हणालो, मिलिंदचा फोन झाला वाटतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता रविवारी करतो. पूर्वीसारखा."

मी म्हणालो, बरं झालं, सुटलात त्या प्रश्नांतून.

बाईंनी फोन पदरानं पुसला. म्हणाल्या, "अण्णा, वार बरोबर सांगितला की तो दोन मिनिटांत ठेवायचा. म्हणून मी मधूनमधून चुकीचा सांगायचे. मंगळवार असला की शनिवार. मग घाबरायचा. वीस-वीस मिनिटं बोलायचा. लहानपणच्या गोष्टी काढायचा, मला आठवतात का बघायला."

माझ्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. एका झाडाच्या बुडाशी तळं झालं. मी माझी मान मोकळी करायला बेळ्ळंदूरला गेलो होतो. ह्या बाईला विचारून जायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वायर काढून घेतली तेव्हाही आलं नव्हतं, हे दुसऱ्यांदा.

मी नळ बंद केला, फाटक उघडून त्यांच्या व्हरांड्यात गेलो.  शेवटी विचारलं, "बाई, आज वार कोणता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सोमवार," म्हणाल्या.

बुधवार होता. मी खुर्ची ओढून बसलो.